वर्षातून एकदा येणारी भरती

हडपसरजवळ मांजरीवरून वाहणारी मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि तिचं पाणी उजनी धरणाच्या फुगवट्यात जाऊन थांबतं. या पाण्याला भरती-ओहोटी आहे, पण वर्षातून एकदाच. पावसाळ्यात धरण भरलं की बेटं बुडतात. मग शेतीला पाणी सुटत जातं तशी चिखलाची पट्टी रुंदावते आणि उन्हाळ्यात बेटं वर येतात. पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळही तेव्हाच उघडं पडतं.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटरवर भिगवण, तिथून कुंभारगाव. १९८० साली धरण पूर्ण झालं, शेतं पाण्याखाली गेली आणि काठावरच्या कितीतरी घरांचं पोट मासेमारीवर आलं. हिवाळ्यात मासेमारीच्या याच होड्या पक्षी दाखवायला निघतात.

आमच्या नावाड्याने रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगो) थवा लांब असतानाच इंजिन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. खोली तो पक्ष्यांवरून ओळखतो. शेकाटे उभे असतील तिथे होडी चिखलात रुतणार. रोहित चालत असतील तिथे जेमतेम निघेल. बदकं तरंगत असतील तिकडे खुशाल जावं. होडीचं तोंड थव्यावर कधीच धरायचं नाही, तिरकं सरकायचं. रोहितांनी माना वर काढून एका दिशेने चालायला सुरुवात केली की थांबायचं. 'जरा उडवा की' म्हणणाऱ्या पर्यटकाला तो सरळ नकार देतो. मला हा नकार फार मोलाचा वाटला. रोहित पायांनी गाळ ढवळतो, डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीतल्या चाळणीत शेवाळ, बारीक जीव अडकवतो. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. फोटोसाठी उडवलं की हे सगळं थांबतं.

या पाण्यात पुण्याचं सांडपाणीही येतं. जाळ्यात आता चिलापी मासाच जास्त. आपण शहरात नदीत काय सोडतो, ते इथली माणसं आणि पाखरं रोज झेलतात. याची लाज वाटायला हवी.

उन्हाळ्यात नदी सुरय उघड्या बेटांवर, नुसत्या जमिनीवर अंडी घालतात. ती खड्यांत दिसतही नाहीत, म्हणून नावाडी तेव्हा कुणाला बेटावर उतरू देत नाही. पावसाने पाणी चढायच्या आत पिल्लांना पंख फुटायला हवेत.