कोपऱ्यातला कोपरा

मोबाइलच्या पडद्यावर एक पांढरे कार्ड आहे, त्याच्या आत चारही बाजूंनी १२ पिक्सेलांचे अंतर राखून एक छायाचित्र बसविले आहे, आणि सुसंगतीवर कटाक्ष असलेल्या डिझायनरने कार्डाला व छायाचित्राला, दोहोंनाही, २४ पिक्सेल त्रिज्येचे गोल कोपरे दिले आहेत. मापात कोठे कसूर नाही, आणि तरीही पाहणाऱ्याला असे वाटत राहते की छायाचित्र कोपऱ्यांपाशी अंग चोरून बसले आहे. ग्राहकाला या दोषाचे नाव सांगता येत नाही; तो फक्त "काहीतरी चुकतंय" एवढेच म्हणतो. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत अशाच एका कार्डाची छाया, रंग, अक्षरांचा ठसा हे सारे बदलून पाहण्यात मी एक अख्खी दुपार घालविली होती, आणि कोपऱ्यांकडे माझे लक्षच गेले नव्हते, कारण दोन्हीकडे आकडा एकच होता.

सारखी त्रिज्या म्हणजे सारखा कोपरा, हा या बाबतीतला सर्वांत रूढ गैरसमज. वस्तुतः डोळा त्रिज्या मोजीत नाही. तो दोन कडांमधील अंतर मोजतो. कच्च्या रस्त्यावर बैलगाडीने उमटविलेल्या चाकोऱ्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला याचा फारसा खुलासा करावयास नको. वळणावरही त्या दोन चाकोऱ्यांतील अंतर तेवढेच राहते, कारण दोन्ही चाके एकाच आसावर बसविलेली असून एकाच केंद्राभोवती वळतात; बाहेरील चाकाच्या मार्गाची त्रिज्या मोठी, आतील चाकाच्या मार्गाची लहान, आणि दोहोंतील फरक म्हणजे चाकांमधले अंतर. आतील चाकाने बाहेरच्याइतक्याच त्रिज्येने वळण्याचा हट्ट धरला, तर गाडी मोडेल. पडद्यावरील कार्ड मोडत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे खपून जाते.

तेव्हा नियम वजाबाकीचा आहे: बाहेरील त्रिज्येतून मधले अंतर, ज्याला या धंद्यात पॅडिंग म्हणतात, ते वजा केले की आतील त्रिज्या येते. आपल्या कार्डात २४ उणे १२, म्हणजे १२. असे केल्याने दोन्ही कंसांचे केंद्र एक होते, आणि कोपऱ्यातून तिरपे मोजले तरी अंतर १२ पिक्सेलच भरते. उलट दोन्ही त्रिज्या २४ ठेवल्या की आतील कंसाचे केंद्र आडवे १२ आणि उभे १२ सरकते, आणि पायथागोरसच्या हिशेबाने तिरपे अंतर १२ च्या सुमारे १.४१ पट, म्हणजे जवळजवळ १७ पिक्सेल होते. हे पाच पिक्सेल म्हणजेच ते "काहीतरी". छायाचित्राचा कोपरा अगदी काटकोनी सोडला, तर गफलत विरुद्ध दिशेने होते: तिरपे अंतर ७ पिक्सेलांवर येते, आणि चित्राचे टोक कार्डाच्या कडेला टोचू पाहते.

आमच्या धंद्यात काही जण "आतली त्रिज्या बाहेरच्याच्या निम्मी" असा ठोकताळा सांगतात, आणि वरील दाखल्यात तो बरोबरही ठरतो. पण तो निव्वळ आकड्यांचा योगायोग होय. पॅडिंग ८ असेल तर उत्तर १६ आणि ४ असेल तर २०. निम्म्याचा येथे संबंध नाही. थर तीन असतील, तर प्रत्येकाने आपल्या लगतच्या बाहेरील थरातून वजाबाकी करावयाची: २८, मग २०, मग १२. आणि आतील वस्तूचेच माप आधी ठरलेले असेल, तर बाहेर जाताना बेरीज. ४०० मीटरच्या प्रमाणित धावमार्गावर आतील कडेची त्रिज्या ३६.५० मीटर आणि पट्टा १.२२ मीटर रुंद असतो, म्हणून पुढील रेषा ३७.७२ मीटरांवर आखली जाते. तेथे कोणी सगळ्या पट्ट्यांना एकच त्रिज्या देत नाही.

"हे सारे ब्राउझर पाहून घेतो" हा समज अर्धा खरा आहे, म्हणूनच अधिक घातक. सीएसएसच्या प्रमाण दस्तऐवजात अशी तरतूद आहे की पेटीला किनार दिली असता किनारीच्या आतील कडेची त्रिज्या ही बाहेरील त्रिज्येतून किनारीची जाडी वजा करून काढावी, आणि बाकी शून्याच्या खाली गेल्यास आतील कोपरा काटकोनी ठेवावा. किनारीला अगदी चिकटून बसलेले चित्र "ओव्हरफ्लो हिडन" या आज्ञेने त्याच वक्रावर कापले जाते, आणि त्याला वेगळी त्रिज्या द्यावी लागत नाही. परंतु मध्ये पॅडिंग आले, की आतील चित्र ही ब्राउझरच्या लेखी एक स्वतंत्र पेटी होते. तिच्या कोपऱ्याची वजाबाकी करण्याची जबाबदारी आपली. ती कागदावर करून आकडा चिकटविण्यापेक्षा "कॅल्क" वापरून त्रिज्या व पॅडिंग यांच्या चलांतूनच करवून घ्यावी, म्हणजे उद्या कोणी पॅडिंग बदलले तरी हिशेब चुकत नाही.

टक्केवारीत त्रिज्या देणाऱ्यांनी मात्र सावध असावे. तेथे आडवी त्रिज्या रुंदीवरून आणि उभी उंचीवरून काढली जाते, म्हणून २०० बाय १०० च्या कार्डावर १० टक्के म्हणजे आडवे २० व उभे १०, अर्थात लंबवर्तुळाचा तुकडा. आणि लंबवर्तुळापासून सम अंतरावर काढलेली रेषा ही लंबवर्तुळ नसते, त्यामुळे तेथे वजाबाकीने नेमके उत्तर मिळत नाही.

पॅडिंगच त्रिज्येहून मोठे असेल तर? १६ मधून २४ वजा जात नाहीत, आणि "कॅल्क" अशा वेळी निमूटपणे शून्य मानतो. काही जण हे फर्मान समजून आतील बटणाला काटकोन देतात. माझ्या मते येथे नियमाची हुकमतच संपते: दोन कडा एवढ्या दूर गेल्या की डोळा त्यांची जोडी लावीत नाही, आणि बटणाला त्याच्या स्वतःच्या आकाराला शोभेल असा ४ किंवा ६ चा कोपरा द्यावयास काहीच हरकत नाही.

गोल कोपरे हे अलीकडचे खूळ आहे, असेही म्हटले जाते. १९८१ साली ॲपलमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी पडद्यावर वर्तुळे झपाट्याने काढून दाखविली, तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी गोल कोपऱ्यांचे आयत मागितले, आणि ते हवेत कशाला या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना रस्त्यावर नेऊन "नो पार्किंग"ची पाटी दाखविली, ही हकीकत या क्षेत्रात सुपरिचित आहे. २०१३ च्या आयओएस ७ पासून त्याच कंपनीच्या ॲप-चिन्हांचा कोपरा शुद्ध वर्तुळकंस राहिलेला नाही. सरळ कड संपण्यापूर्वीच तो हळूहळू वळू लागतो. अशा वक्रावर वजाबाकीचे उत्तर अदमासेच असते, आणि अखेरचा निवाडा नजरेने करावा लागतो.

साध्या वर्तुळकंसाच्या कार्डावर मात्र नजरेवरही विसंबू नका. पडदा मोठा करून कोपऱ्यातून तिरपी रेघ ओढा आणि दोन कडांमधील पिक्सेल मोजा. बाजूला १२ आणि तिरपे १७ भरले, तर आतील त्रिज्येतून १२ कमी करा.