एका कापडात सारा संसार

आपल्या गोल साडीला पाच-सहा वार लागतात, लुगड्याला नऊ. जावा, सुमात्रा, मलेशिया या मुलखांतील माणूस मात्र सव्वादोन वारांत संसार आटोपतो! त्या कापडाचे नाव सारोंग. मलाय भाषेत 'सारुंग' म्हणजे म्यान. म्यानात तलवार राहावी, तसा यात माणूस राहतो.

कापडाची दोन टोके जोडून शिवलेली ही एक सरळ नळी. तिला बटण नाही, नाडी नाही, अंगाचे मापही नाही. लठ्ठ वडील आणि काटकुळे चिरंजीव यांचे एकाच सारोंगात भागते. पुरुष नळीत उभे राहून दोन्ही बाजूंचा सैलपणा पोटावर घडीने आणतात आणि वरचा काठ दोन-तीनदा खाली गुंडाळतात. बायका सारा सैलपणा एका बाजूला ओढून घडी कमरेला खोचतात. ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, लुंगी याच घराण्यातली. तेथे पुरुष पुढे गाठ मारतात आणि बायका बाजूला खोचतात. मलाय पुरुष सणासमारंभात विजारीवरच आखूड सारोंग गुंडाळतात. त्याला 'सांपिन' म्हणतात.

बालीत देवळात जायचे तर कमरेखाली वस्त्र आणि वर शेला हवाच, पाहुणाही त्यातून सुटत नाही. तेथील एका देवळाच्या दाराशी एका आजोबांनी माझ्या पाटलोणीवरून वस्त्र गुंडाळून दिले. उलटतपासणी नाही की उपदेश नाही. जणू घरच्या मुलाला मुंजीत सोवळे नेसवावे!

नेसण्याहूनही या कापडाचे उपयोग पाहावेत. छातीवर बांधले की विहिरीवर लाज राखून आंघोळ होते. रात्री तेच पांघरूण, उन्हात तेच डोक्यावर, बाजारात तेच गाठोडे. तुळईला टांगले की बाळाचा पाळणा. आपल्याकडे जुन्या लुगड्याची झोळी बांधतात, ती याहून निराळी काय?

जावात बाई पहिलटकरीण असली की सातव्या महिन्यात 'मितोनी' नावाचा विधी करतात. तिला न्हाऊ घालून एकामागून एक सात वस्त्रे नेसवतात. हे वाचून आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, हे तर आपले डोहाळजेवणच!" जन्माआधी वस्त्र, जन्मल्यावर झोळी, आणि माणूस गेला की घरातलेच बाटिकचे वस्त्र त्याच्यावर पांघरतात.

हे बाटिक म्हणजे मेणाची कला. तांब्याच्या बारीक तोटीच्या 'चांतिंग'मधून वितळलेले मेण कापडावर रेखायचे, मग कापड रंगात बुडवायचे. मेणाखाली रंग शिरत नाही. कढत पाण्यात मेण काढायचे आणि दुसऱ्या रंगासाठी पुन्हा तेच. हाताने रेखलेल्या एका वस्त्राला महिनेही लागतात. एकोणिसाव्या शतकात तांब्याचे ठसे आले आणि काम झपाट्याने होऊ लागले. २००९ साली युनेस्कोने इंडोनेशियाच्या बाटिकला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. पण मान मिळाला म्हणून पोट भरतेच असे नाही. यंत्रावर छापलेले नकली बाटिक स्वस्त पडते, आणि मेणाचे चटके सोसून महिनोन्‌महिने बसणाऱ्या बाईच्या कामाला त्याच्याशी टक्कर द्यावी लागते. पारख सोपी आहे: हातच्या कामात कापडाची उलटी बाजूही बहुधा सुलटीइतकीच उठावदार असते, छापील कापडाची पाठ फिकी.

आपल्याकडेही हातमागाच्या लुगड्याची हीच गत नाही काय? नेसणारी उरली नाही म्हणून ते कपाटाच्या तळाशी जाते आणि एके दिवशी बोहारणीच्या गाठोड्यात. यंदा दिवाळीची आवराआवर करताना आईचे एखादे लुगडे हाती लागले, तर वाचकहो, स्टीलच्या पातेल्याचा मोह थोडा आवरा. त्याची झोळी होईल, दुलई होईल, लेकीला डोहाळजेवणात नेसवायलाही होईल. सव्वादोन वारांत जावाच्या माणसाचा जन्म भागतो. आपल्यापाशी तर चांगले नऊ वार आहेत.