अ‍ॅम्बॅसडरचा पीळ

अ‍ॅम्बॅसडरच्या पुढच्या चाकांना पाटे नसतात, गुंडाळीची स्प्रिंगही नसते. पोटाखाली दोन लांब पोलादी सळया असतात, म्हणजेच टॉर्शन बार. चाक उचललं की सळई पिळली जाते. सळया काढण्याआधी गाडी घोड्यांवर (स्टँडवर) पक्की टेकवा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. पीळ उतरवा, सळईच्या टोकाच्या दात्यांवर खडूने खूण करा. डावी-उजवी अदलाबदल करू नका. प्रत्येकीला आपल्याच बाजूच्या पिळाची सवय झालेली असते. आदिलाबादची काळी माती पावसाळ्यात ग्रीसच्या निपलांवर थापून बसते, म्हणून निपल घासून मगच ग्रीसगन लावा. उत्तरपाड्याच्या कारखान्यातलं या गाडीचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. म्हणून जुनी सळई भंगारात देण्याची घाई नको.