मातीला कान लावताना

मेटल डिटेक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते रेल्वे स्टेशनवरची चौकट, नाहीतर मॉलच्या दारातला काळी दांडी फिरवणारा रखवालदार. खिशातल्या किल्ल्या वाजतात, आपण हात वर करतो आणि आत जातो. इंग्लंडमध्ये मात्र हेच यंत्र लोक हौसेनं विकत घेतात. सुट्टीच्या दिवशी चिखलाचे बूट चढवतात, कानांना हेडफोन लावतात आणि नांगरलेल्या शेतातून तासन्‌तास चालत राहतात. गळ टाकून बसावं, तसाच हा सबुरीचा छंद. माझी त्याच्याशी ओळख झाली ती एका अंगठीमुळं.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी धाकट्या बहिणीकडे इंग्लंडला गेलो होतो. आमच्या कोकणातली बरीच माणसं तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांतलंच तिचं घर. तिथल्या नगरपालिका भाजीपाला पिकवायला जमिनीचे छोटे तुकडे भाड्यानं देतात. त्याला ‘अलॉटमेंट’ म्हणतात. बहिणीनं तिथं मेथी आणि कोथिंबीर लावली होती. त्या वाफ्यांत काम करता करता तिच्या बोटातली आईची अंगठी पडली. सोनं असेल तीनेक ग्रॅम. पण आई गेल्यावर आम्हा भावंडांना वाटून घेण्यासारखं जे थोडकं होतं, त्यातली ती अंगठी. बहीण दोन दिवस माती चाळत बसली. तिसऱ्या दिवशी माझा पंधरा वर्षांचा भाचा म्हणाला, “मामू, डिटेक्टर घेऊ या. विकतच घेऊ. मला पुढंही उपयोगी पडेल.”

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कवितेचा माणूस. विजेचा फ्यूज बदलायलासुद्धा मला शेजारी लागतो. पण पैसे मी देणार होतो, म्हणजे प्रश्न विचारणं माझं काम होतं.

दुकानात शंभर पौंडांपासून हजार पौंडांपर्यंतची यंत्रं टांगलेली होती. मी पहिला प्रश्न विचारला, “यातलं सगळ्यात खोलवरचं कुठलं ओळखतं?” दुकानदार म्हणाला, “ते नंतर. आधी सांगा, कुठं शोधणार आणि काय शोधणार?”

पहिला डिटेक्टर घेणाऱ्या प्रत्येकानं हेच दोन प्रश्न आधी स्वतःला विचारायला हवेत. ते का, हे कळायला यंत्राच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

दांडीच्या टोकाला जी थाळी असते, तिला कॉइल म्हणतात. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो आणि थाळीखालच्या मातीत चुंबकीय क्षेत्र तयार होतं. तिथं धातू असला तर त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे बारीक प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. दुसरं वेटोळं ते टिपतं आणि आपल्या कानात आवाज येतो. विहिरीत हाक मारावी आणि तिचा प्रतिसाद ऐकावा, तसं हे काम आहे.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला १८८१ साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी, म्हणजे टेलिफोनवाल्या बेल यांनी, असंच एक यंत्र जुळवलं होतं. गोळी सापडली नाही. राष्ट्राध्यक्षांच्या गादीत धातूच्या स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी घोटाळा केला, असं त्याचं एक कारण दिलं जातं. यंत्र ऐकत होतं, पण गोंगाट दुसऱ्याच धातूचा होता. या छंदातली मुख्य अडचण आजही हीच आहे.

खोलीचं म्हणाल, तर प्रतिसाद अंतराबरोबर झपाट्यानं विरतो. चांगल्या साध्या यंत्रालाही नाण्याएवढी वस्तू जेमतेम वीतभर खोलीपर्यंत कळते. दुप्पट पैसे मोजल्यानं खोली दुप्पट होत नाही. मोठी थाळी जरा खोल जाते, पण बारीक वस्तू तिच्याकडून निसटतात आणि हातालाही भार होतो. सुरुवातीला नऊ ते अकरा इंचांची थाळी बरी. यंत्राचं वजन दीड किलोच्या आत असावं, कारण ते दोन-तीन तास एका हातानं झुलवायचं असतं.

पुढचा मुद्दा कंपनसंख्येचा, म्हणजे यंत्र कुठल्या पट्टीत गातं याचा. पाच-सात किलोहर्ट्झची खालची पट्टी चांदीच्या मोठ्या नाण्यांना मानवते, तर पंधरा-वीसच्या वरची पट्टी बारीक सोन्याला. अलीकडची काही यंत्रं एकाच वेळी अनेक पट्ट्या वापरतात. समुद्राच्या ओल्या वाळूत खारं पाणी स्वतःच विजेचं वाहक होतं, तिथं एका पट्टीचं साधं यंत्र उगाच बडबडतं. किनाऱ्यावर फिरणार असाल तर अनेक पट्ट्यांचं यंत्र घ्यावं, किंवा ‘पल्स इंडक्शन’ जातीचं. मात्र पल्सचं यंत्र लोखंड आणि सोनं यांत फारसा भेद करत नाही. शिवाय थाळी पाण्यात चालते म्हणजे वरची डबी चालतेच असं नाही, हेही विचारून घ्यावं.

आम्हाला सोन्याची लहान अंगठी हवी होती आणि जागा भाजीचा वाफा. मधल्या किमतीचं, अनेक पट्ट्यांचं यंत्र घेतलं. नगरपालिकेची लेखी परवानगी मागवली. ती यायला नऊ दिवस लागले. ती येईपर्यंत बहिणीनं वाफ्याला कोणाला पाय लावू दिला नाही.

आणि मग आम्ही चूक केली.

या यंत्रांच्या पडद्यावर आकडा उमटतो. लोखंडाचा सगळ्यात खाली, मग चॉकलेटच्या चांदीसारख्या कागदाचा, मग पेयांच्या डब्यांच्या कड्यांचा, आणि वर तांब्या-चांदीचा. नको तो धातू गप्प करायची सोय असते, तिला ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात. आम्ही शहाणपणानं कागद आणि कडी दोन्ही गप्प करून टाकली. यंत्र अगदी सालस झालं. दोन रविवार आम्ही त्या वाफ्यावर फिरलो, चार खिळेसुद्धा वाजले नाहीत. बहीण म्हणाली, “राहू दे आता.”

पलीकडच्या तुकड्यात बटाटे लावणारे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांचा हा छंद तीस वर्षांचा. ते आले, त्यांनी पडदा पाहिला आणि एक बटण दाबून सगळे धातू मोकळे केले. म्हणाले, “तुम्ही याचे कान बांधले होते. सोन्याची अंगठी आणि डब्याची कडी यंत्राला जवळपास सारखीच ऐकू येतात.”

त्यानंतर वाफा बोलायलाच लागला. त्या दुपारी आम्ही चाळीसेक वस्तू खणल्या. खिळे, तारा, बाटलीची बुचं, चुरगळलेले चंदेरी कागद. संध्याकाळी मेथीच्या कडेला एक खरखरीत, तुटक आवाज आला. आकडा कागदाचा. भाचा कंटाळून पुढं निघाला होता. त्या गृहस्थांनी त्याला थांबवलं. बोटभर खाली आईची अंगठी होती.

आकडा कागदाचा का आला? कारण अंगठी उघडलेली होती. बहिणीनं ती सोनाराकडून मोठी करून घेतली होती. तो डाग सुटला, म्हणून ती बोटातून गळली. अखंड कड्यात प्रवाहाला गोल फिरता येतं आणि आवाज ठसठशीत येतो. कडं तुटलं की तोच आवाज कागदासारखा फाटका होतो. आम्ही ज्याला कचरा म्हणून गप्प केलं होतं, त्यातच ती होती.

म्हणून माझा अडाण्याचा सल्ला असा. पहिलं यंत्र असं घ्या, जे सगळं ऐकू देतं. डिस्क्रिमिनेशन पूर्ण बंद करता यावं, वेगवेगळ्या धातूंना वेगवेगळे स्वर असावेत, मातीप्रमाणे यंत्र जुळवून घेता यावं आणि हेडफोनची सोय असावी. सगळे पैसे यंत्रावर घालू नका. खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारी हातातली छोटी कांडी आणि एक चांगलं खुरपं यांना पैसे राखून ठेवा. खणलेला खड्डा बुजवायचा आणि कचरा घरी न्यायचा, हा तिथला शिरस्ता आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. १९९२ साली सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याचे मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन तो शोधायला गेले, आणि सोन्याचांदीची रोमन नाणी लागली. लॉज यांनी खणणं थांबवलं आणि ते कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी येऊन पद्धतशीर उत्खनन केलं. जवळपास पंधरा हजार नाणी निघालीच, पण ती पेटीत कशी रचली होती हेही समजलं. पुढं हातोडाही मिळाला. आज तोसुद्धा ब्रिटिश म्युझियमकडे आहे. इंग्लंडमध्ये आता १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट लागू आहे. जमीनमालकाची संमती हवी, संरक्षित स्थळी हे यंत्र चालवायचं नाही, आणि सोन्याचांदीची तीनशे वर्षांहून जुनी चीज मिळाली तर चौदा दिवसांत कळवायचं. संग्रहालयानं ती घेतली तर मोबदला साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो.

निघताना भाचा म्हणाला, “मामू, यंत्र तुम्ही न्या. तुमच्या गावाजवळ तर किल्ला आहे.” खरं सांगतो, मी क्षणभर मोहात पडलो. त्या पडक्या किल्ल्यातल्या गुप्तधनाच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालोय. पण मी नाही म्हटलं. एक तर आमचा जांभा लोहानं भरलेला, तिथं माती स्वतःच यंत्राच्या कानात ओरडणार. दुसरं, आपला १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवणं गुन्हा आहे. संरक्षित स्मारकात तर परवान्याशिवाय खणताच येत नाही.

मार्च २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर असीरगडच्या पायथ्याशी माणसं रात्री बॅटऱ्या आणि डिटेक्टर घेऊन मोगली नाणी शोधत शेतं उकरत असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला भाच्याचं बोलणं आठवलं. नाणं उपटून घेतलं की धातू हाती येतो. ते कुठं होतं, कशाशेजारी होतं, हे कायमचं पुसलं जातं. वाक्यातून एक शब्द फाडून घ्यावा, तसं ते आहे.

यंत्र तिकडेच राहिलं. भाच्यानं एका शेतकऱ्याची लेखी संमती मिळवली आहे. परवा त्यानं जुन्या पितळी बटणाचा फोटो पाठवला. शेजारी पाकीट होतं, त्यावर जागा, खोली आणि तारीख लिहिलेली. मी विचारलं, “किती किमतीचं असेल रे?”

“ते नंतर, मामू,” तो म्हणाला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)