माहीमचा तबला, ओस्लोचा स्टुडिओ
‘मेकिंग म्युझिक’ (ईसीएम, १९८७) हा माहीममध्ये वाढलेल्या झाकीर हुसेन यांचा अल्बम. ध्वनिमुद्रण डिसेंबर १९८६, रेनबो स्टुडिओ, ओस्लो; निर्माते मानफ्रेड आयशर. सोबत हरिप्रसाद चौरसियांची बासरी, नॉर्वेच्या यान गार्बारेक यांचा सॅक्सोफोन आणि पाहुणे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन. पाहुणे म्हणायचे एवढेच! ‘शक्ती’ या बँडमुळे त्यांची आणि झाकीर यांची साथ दशकाहून जुनी. १९७१च्या सुमारास ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त इलेक्ट्रिक गिटारीने कानठळ्या बसवणारे मॅक्लॉफ्लिन इथे अकूस्टिक गिटार घेऊन बसतात आणि बासरीला ऐसपैस जागा देतात. रॉकचा दणदणाट शोधणारा जरा हिरमुसेल. ड्रमसेट नाहीच, लयीचा सगळा भार तबल्यावर आणि झाकीर यांच्याच इतर तालवाद्यांवर.