कर्करोगाचा प्रसार आणि पेशीचें आवरण

कर्करोगाची गांठ उगवली तेथेंच राहिली, तर शस्त्रवैद्य ती बहुधा कापून काढूं शकतो. रोग्याचा घात पुष्कळदां होतो तो गांठींतून सुटलेल्या पेशींनीं फुप्फुसांत, यकृतांत वा हाडांत नवें ठाणें मांडल्यामुळें. मग कांहीं गांठी स्वस्थ बसतात आणि कांहीं पसरतात, असें कां?

या प्रश्नाचा एक धागा १९९१ सालीं जर्मनींत सांपडला. पेशीच्या आवरणांत अनेक प्रथिनें रोंवलेलीं असतात. त्यांपैकीं सीडी-४४ (अशा आंकडेबाज नांवांची शास्त्रज्ञांना हौसच आहे) हें प्रथिन भोवतालच्या हायलुरॉनिक आम्लाला धरून ठेवतें. त्याचें जनुक एकच. पण शिंप्यानें एका कापडांतून निरनिराळे अंगरखे बेतावे, तशी पेशी त्या जनुकाच्या संदेशांतील तुकडे गाळून वा जोडून प्रथिनाचे अनेक प्रकार बनविते. उर्सुला ग्युंटर्ट, पीटर हेर्लिश प्रभृति संशोधकांना उंदराच्या स्वादुपिंडांतील पसरणाऱ्या कर्कपेशींवर यांपैकीं एक लांबट प्रकार आढळला. तो त्यांनीं न पसरणाऱ्या कर्कपेशींना दिला, आणि त्या स्वस्थ पेशीही लसिकाग्रंथींत व फुप्फुसांत जाऊन वाढूं लागल्या!

मनुष्याच्या बाबतींत प्रकरण इतकें सरळ निघालें नाहीं. या प्रथिनाच्या व्ही-६ नामक तुकड्यालाच चिकटणारें प्रतिद्रव्य तयार करून, त्याला विष जोडून, तें कांहीं रोग्यांना देण्यांत आलें. परंतु तोच तुकडा निरोगी त्वचेच्या पेशींवरही असतो. त्वचा भाजल्यासारखी सोलून निघून एक रोगी दगावला, आणि प्रयोग थांबविण्यांत आले. त्यांचा वृत्तांत २००६ सालीं प्रसिद्ध झाला.