कळंबचे दुकान, पुण्याचे गिऱ्हाईक

कळंबच्या बाजारात अजूनही ओळखीवर व्यवहार होतो. येरमाळा, शिराढोण, मोहा, ईटकूर इथून आलेला माणूस कोणाच्या घरचा, हे दुकानदाराला ठाऊक असते आणि दुकानदाराचे बोलणे कितपत खरे, हे त्या माणसालाही. पण तोच दुकानदार वेबसाइट काढतो तेव्हा समोर येते पुण्याचे नाही तर हैदराबादचे गिऱ्हाईक. त्याला यातले काहीच माहीत नसते. जे त्याला स्वतः पडताळून पाहता येईल, तेवढ्यावरच तो पैसे पाठवणार.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील बी. जे. फॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली 2,684 लोकांना वेबसाइट दाखवून त्यांतल्या कोणत्या भरवशाच्या वाटतात, असे विचारले होते. आलेल्या शेऱ्यांपैकी 46.1 टक्के शेरे साइट दिसते कशी, याबद्दलचे होते. आपल्याकडचे साइट बनवणारे हाच मुद्दा धरून रंगीत चित्रे विकतात. मात्र त्याच स्टॅनफर्डच्या मार्गदर्शक सूत्रांत पहिली सूचना आहे ती माहिती पडताळणे सोपे करण्याची. माझ्या मते छोट्या व्यावसायिकाने खर्च आणि वेळ इथेच घालावा.

सुरुवात पत्त्यापासून करावी लागते. यवतमाळ जिल्ह्यातही एक कळंब आहे, चिंतामणी गणपतीचे. पुणे जिल्ह्यातही या नावाची गावे आहेत. आपल्या कळंबचे इंग्रजी स्पेलिंग कुठे ‘कळंब’सारखे तर कुठे ‘कल्लम’सारखे सापडते. त्यात 2023 पासून जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. जुन्या परवान्यांवर उस्मानाबादच आहे. साइटवर एक नाव, कागदावर दुसरे आणि नकाशावर तिसरे दिसले, की परक्या माणसाला शंका येणारच. म्हणून पूर्ण पत्ता पिनकोडसह लिहावा आणि ‘धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा’ असे स्पष्ट करावे.

मग नोंदणीचे क्रमांक. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. खवा-पेढे विकणाऱ्याचा अन्न परवाना 14 अंकी. दोन्ही सरकारी संकेतस्थळांवर कोणालाही तपासता येतात. ते फोटोत अडकवू नयेत. कॉपी करता येतील असे लिहावेत. यूपीआयने पैसे पाठवताना गिऱ्हाइकाला खातेदाराचे नाव दिसते. साइटवर दुकानाचे नाव आणि तिथे मेहुण्याचे, असे झाले की तो तिथेच थांबतो. दुकानाच्या नावाचे चालू खाते काढणे हाच यावर उपाय.

आमच्या जिल्ह्याची खरी कसोटी शेळीच्या व्यवहारात लागते. उस्मानाबादी शेळी बहुधा काळी, कोरडवाहू मुलखात तग धरणारी, मांस आणि दूध दोन्हींसाठी पाळली जाणारी, आणि जुळ्यांसाठी नावाजलेली. बंदिस्त शेळीपालन सुरू करणारे लांबून चौकशी करतात. अशा वेळी इंटरनेटवरून उचललेला देखणा बोकड साइटवर लावणे हा आत्मघात आहे, कारण फोटो मुळात कुठला, हे आज मोबाइलवरही शोधता येते. आपल्याच गोठ्यातले जनावर काट्यावर उभे करून, तारीख दिसेल असा फोटो काढावा. दात किती, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक कोणता, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस कधी टोचली, दर जिवंत वजनावर की नगावर, गाडीभाडे कोणाचे, हे सगळे लिहावे. वाटेत जनावर दगावले तर नुकसान कोणाचे, हा प्रश्न प्रत्येक घेणाऱ्याच्या मनात असतो. त्याचे उत्तर आधीच द्यावे. एखाद्या शेळीचे शिंग मोडलेले असेल तर तेही सांगावे. उणीव लपवली नाही, की बाकीच्या माहितीवरही विश्वास बसतो.

कायदाही याच बाजूने आहे. 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची माहिती द्यायची असते. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे लागते. स्वतःच गिऱ्हाईक बनून स्तुतीचे अभिप्राय लिहिणे विक्रेत्याला मना आहे. घरगुती धंद्यात तक्रार ऐकणारा म्हणजे मालकच. मग त्याचे नाव आणि फोन उचलण्याची वेळ लिहायला संकोच कसला?

तांत्रिक बाजू त्यामानाने सोपी. जुलै 2018 पासून क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी साइटवर ‘सुरक्षित नाही’ असा शेरा दाखवू लागला. तो टाळण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेकडून फुकट मिळते, तेव्हा कोणी त्याचे वेगळे पैसे मागितले तर कारण विचारा. मागच्या दिवाळीची सवलत या दिवाळीपर्यंत झळकत ठेवू नका. दुकान चालू आहे की बंद, असा प्रश्न पडतो.

यंदा सणाच्या ऑर्डरी सुरू होण्याआधी आपली साइट तुमच्या धंद्याशी संबंध नसलेल्या, मुंबई-पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाला दाखवा. पत्ता, परवाना, भाव आणि तक्रारीचा फोन त्याला तुम्हाला न विचारता सापडतो का, ते बघा. जे सापडणार नाही, ते त्याच दिवशी साइटवर घाला.